न्यायमूर्ती हलत नाहीत, न्यायाधीश हलतात

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दालनातून कोर्टाकडे निघाले की पुढे चोपदार चालतो. हातात दंड, नजर समोर. कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत उभे असलेले वकील आपोआप भिंतीला टेकतात. या चोपदाराच्या हातातला दंड आपल्या न्यायालयीन इतिहासात एकदा चौकशीचा विषय झाला होता, आणि न्यायमूर्तींना पदावरून काढणं किती अवघड आहे ते त्यातून दिसलं.

प्रकरण व्ही. रामस्वामी यांचं. 1987 ते 1989 या काळात ते पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. चंदीगडच्या सरकारी बंगल्यावर नियमाबाहेर खर्च केला, गालिचे आणि फर्निचर घेतलं, चांदीचे दंड चढ्या भावाने खरेदी केले, अशा 14 आरोपांची चौकशी झाली. 1991 मध्ये लोकसभेच्या 108 सदस्यांनी सह्या केल्या आणि अध्यक्ष रवी राय यांनी त्रिसदस्य समिती नेमली. समितीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई होते आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी. म्हणजे त्या काळातल्या मुंबईच्या वकिलांना तिघांपैकी दोघे चांगलेच ठाऊक. समितीने 11 आरोप सिद्ध धरले.

मग 10 आणि 11 मे 1993 ला लोकसभेत चर्चा झाली. रामस्वामींच्या बाजूने कपिल सिब्बल सभागृहाच्या कठड्याशी उभे राहून काही तास बोलले. शेवटी मतदान झालं. ठरावाच्या बाजूने 196. विरोधात शून्य. आणि तटस्थ 205, ज्यात काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष. एकाही खासदाराने ‘यांना राहू द्या’ असं मत दिलं नाही, तरी ठराव पडला आणि रामस्वामी 1994 मध्ये वयानुसार व्यवस्थित निवृत्त झाले.

हे कसं? इथे आकड्यांकडे नीट बघायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

संविधानाचं कलम 124(4) दोन अटी घालतं आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश बाजूने हवेत. शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतंही बाजूने हवीत. 1993 ला पहिली अट आरामात पूर्ण झाली, कारण मत देणारे सगळेच बाजूने होते. दुसरी नाही झाली. लोकसभेत निम्म्याहून जास्त म्हणजे 270 च्या पुढे, आणि मिळाली 196. त्यामुळे तटस्थ बसणं हे हात वर न करता दिलेलं ‘नाही’च असतं. बरं, लोकसभेत ठराव झाला असता तरी तोच त्याच अधिवेशनात राज्यसभेतही याच दोन अटींनी मंजूर व्हायला लागला असता. त्यानंतर राष्ट्रपतींचा आदेश.

आपण याला सर्रास महाभियोग म्हणतो. टीव्हीवाले म्हणतात, खासदारही म्हणतात. संविधानात महाभियोग हा शब्द राष्ट्रपतींसाठी आहे. न्यायमूर्तींसाठी नुसतं ‘पदावरून दूर करणे’ असं आहे, आणि त्याला फक्त दोन कारणं चालतात: सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा असमर्थता. ‘सिद्ध झालेलं’ हा शब्द महत्त्वाचा. आरोप झाला म्हणून संसद मतदान करू शकत नाही, आधी ते सिद्ध व्हावं लागतं. त्यासाठी 1968 चा न्यायाधीश चौकशी कायदा आहे. लोकसभेत 100 किंवा राज्यसभेत 50 सह्या, मग अध्यक्ष किंवा सभापतींनी नोटीस स्वीकारायची, मग तिघांची समिती, तिथे आरोपपत्र, साक्षी, उलटतपास. समितीने ‘आरोप सिद्ध नाहीत’ म्हटलं तर विषय तिथेच संपतो, संसदेला पुढे जाता येत नाही.

सह्या झाल्या म्हणजे समिती नेमलीच पाहिजे असंही नाही. 2018 मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्ध राज्यसभेत पुरेशा सह्यांची नोटीस आली होती. सभापती व्यंकय्या नायडूंनी ती फेटाळली. एवढंच.

आणखी एक नियम आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. कलम 121 प्रमाणे असा ठराव समोर असल्याशिवाय संसदेत न्यायमूर्तींच्या कामकाजातल्या वर्तनावर चर्चाच करता येत नाही. विधानसभेला तर ती कधीच करता येत नाही, त्यासाठी कलम 211 आहे.

एवढी तटबंदी कशाला? कारण सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या माणसाला सरकारने सहज घरी पाठवता येऊ नये. चुकीचा निकाल हे गैरवर्तन नव्हे. निकाल चुकला तर अपील आहे, पुनर्विलोकन आहे, पुढचं कोर्ट आहे. मला ही तटबंदी पटते. पण तिचा परिणाम असा झाला की संविधान लागू झाल्यापासून या दारातून संसदेने एकाही न्यायमूर्तीला बाहेर काढलेलं नाही. आणि जे दार कधी उघडतच नाही त्याच्या आजूबाजूला लोक हळूहळू खिडक्या पाडतात. खरी शिस्त आज या खिडक्यांतून चालते.

त्याआधी असमर्थतेचं बघू. कायद्यात तिची सोय फार तपशिलाने केलेली आहे. शारीरिक किंवा मानसिक असमर्थतेचा ठराव असेल तर वैद्यकीय मंडळ नेमून तपासणी होते, आणि न्यायमूर्तींनी तपासणीला नकार दिला तर समितीला असमर्थता आहे असं गृहीत धरता येतं. कागदावर छान. पण स्मरणशक्ती दगा द्यायला लागलेल्या एखाद्या माणसाविरुद्ध शंभर खासदारांच्या सह्या गोळा करून दिल्लीत साक्षीपुरावे करायचे, ही कल्पनाच क्रूर आहे. म्हणून ते कलम पुस्तकातच राहिलं. मधली काही सोय, म्हणजे सन्मानाने, आजाराच्या कारणावरून लवकर निवृत्त करण्याची, संविधानात नाही. एक तर स्वतःच राजीनामा द्यायचा, नाहीतर वयाची वाट बघायची. उच्च न्यायालयात 62, सर्वोच्च न्यायालयात 65.

वयावरूनही भांडण होऊ शकतं बरं का. कलकत्ता उच्च न्यायालयाचे ज्योतिप्रकाश मित्तर यांच्या जन्मवर्षाबद्दल तीन वर्षांचा फरक होता, शाळेच्या नोंदीत एक आणि त्यांचं म्हणणं दुसरं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेलं. 1963 मध्ये संविधानात दुरुस्ती होऊन असा वाद झाल्यास राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांचा सल्ला घेऊन निर्णय द्यायचा, असं स्पष्ट लिहिलं गेलं. आपल्याकडे गुरुजींनी अंदाजे टाकलेल्या जन्मतारखांनी किती जणांच्या पेन्शनी अडल्या आहेत ते प्रत्येक घराला माहीत आहे. न्यायमूर्तीही त्यातून सुटले नाहीत.

आता खिडक्या.

पहिली खिडकी मुंबईच्या प्रकरणातून पडली. 1995 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्या एका पुस्तकासाठी परदेशी प्रकाशकाने दिलेल्या मानधनावरून संशय घेतला गेला. वकील संघटनांनी ठराव केले, राजीनामा मागितला, आणि त्यांनी तो दिला. ‘वकिलांनी असा दबाव आणणं योग्य आहे का?’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितलं की नाही, असे ठराव करू नयेत. तक्रार असेल तर मुख्य न्यायमूर्तींना किंवा सरन्यायाधीशांना भेटा. पण त्याचबरोबर एक गोष्ट कबूल केली: संसदेने काढावं इतकं मोठं नाही, पण दुर्लक्ष करावं इतकं लहानही नाही, असं वर्तन असतं आणि त्यावर काहीच उपाय नाही.

ही पोकळी भरायला न्यायमूर्तींनी स्वतःच 1999 मध्ये एक अंतर्गत पद्धत ठरवली. तिला इन-हाऊस प्रोसिजर म्हणतात. तक्रारीत दम वाटला तर सरन्यायाधीश तीन न्यायमूर्तींची समिती नेमतात, तक्रार उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची असेल तर त्यात दुसऱ्या उच्च न्यायालयांचे दोन मुख्य न्यायमूर्ती आणि एक न्यायमूर्ती असतात. समिती काढू शकत नाही, दंड करू शकत नाही. ती फक्त सांगते की यात तथ्य आहे, आणि ते गंभीर आहे. मग सरन्यायाधीश त्या न्यायमूर्तींना म्हणतात, राजीनामा द्या किंवा निवृत्ती घ्या. ऐकलं नाही तर त्यांच्याकडचं न्यायिक काम काढून घेतात आणि राष्ट्रपती-पंतप्रधानांना कळवतात. थोडक्यात, घरातल्या थोरल्याने धाकट्याला खोलीत बोलावून सांगण्याचा हा प्रकार. चार भिंतीत. अहवाल सहसा बाहेर येत नाही.

2025 मध्ये मात्र चार भिंतींना आग लागली, अगदी शब्दशः. 14 मार्चच्या रात्री दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या सरकारी बंगल्यात आग लागली आणि सामानाच्या खोलीत जळक्या नोटा दिसल्या. त्या पैशांशी आपला काही संबंध नाही असं त्यांचं म्हणणं. सरन्यायाधीश संजीव खन्ना यांनी अंतर्गत समिती नेमली, शिवाय व्हिडिओसकट कागदपत्रं सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकली. असं आधी कधी झालं नव्हतं. वर्मांची बदली अलाहाबादला झाली. तिथले वकील खवळले, आमचं कोर्ट म्हणजे कचराकुंडी आहे का, असं त्यांनी जाहीर विचारलं. वर्मांनी तिथे शपथ घेतली, पण कामाची एकही फाईल त्यांच्यापुढे ठेवायची नाही असे आदेश होते. पद होतं, बंगला होता, पगार होता, बोर्ड कोरा. अंतर्गत समितीचा अहवाल त्यांच्या विरोधात गेला. 12 ऑगस्ट 2025 ला लोकसभा अध्यक्ष ओम बिर्लांनी 146 सदस्यांच्या सह्यांचा ठराव दाखल करून घेतला आणि 1968 च्या कायद्याखाली पुन्हा नवी त्रिसदस्य समिती नेमली. पुन्हा, कारण घरातल्या समितीचा निष्कर्ष संसदेला चालत नाही. सिद्ध व्हायचं ते कायद्याच्या समितीपुढेच.

बदली हीसुद्धा खिडकीच आहे आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. इथे नालायक ठरलेला माणूस तिथे लायक कसा होतो, हे अलाहाबादच्या वकिलांनी विचारलं ते बरोबरच होतं.

न्यायालयाचा हात किती पोचतो आणि कुठे थांबतो हे 2017 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सी. एस. कर्णन यांच्या प्रकरणात दिसलं. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी त्यांना न्यायालयाच्या अवमानासाठी सहा महिन्यांची कैद सुनावली. ते काही आठवडे सापडलेच नाहीत, दरम्यान 12 जूनला वयानुसार निवृत्त झाले आणि नंतर आठवड्याभराने पकडले गेले. म्हणजे शिक्षा झालेला, पोलीस शोधत असलेला माणूस निवृत्तीच्या दिवसापर्यंत कायद्याने न्यायमूर्ती होता. सर्वोच्च न्यायालय तुरुंगात टाकू शकतं, पदावरून काढू शकत नाही.

सगळ्यात वापरातली खिडकी म्हणजे राजीनामा. कलकत्त्याचे सौमित्र सेन वकील असताना एका खटल्यात कोर्टाने नेमलेले रिसीव्हर, म्हणजे वादातली मालमत्ता सांभाळणारे, होते. त्या कामात ताब्यात आलेले सुमारे 33 लाख रुपये त्यांनी स्वतःकडे वळवल्याचं समितीला दिसलं. 2011 च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेने 189 मतांनी त्यांना काढण्याचा ठराव मंजूर केला, आजवर सभागृहाने मंजूर केलेला पहिलाच. लोकसभेत ठराव यायला चारच दिवस उरले असताना सेन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सिक्कीमचे मुख्य न्यायमूर्ती दिनकरन यांनी चौकशी चालू असताना तेच केलं. रामशास्त्र्यांनी पद सोडल्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती आणि ही, दोन्हीत राजीनामाच आहे, कारण फक्त उलटं.

राजीनाम्याला कुणाची मंजुरी लागत नाही, राष्ट्रपतींना स्वतःच्या सहीचं पत्र पुरतं. आणि पेन्शन? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे 2025 मध्ये आला, तो नागपूर खंडपीठाच्या माजी अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्या निमित्ताने. त्यांचा 2021 मधला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालचा ‘त्वचेला त्वचेचा स्पर्श’ हा निकाल देशभर गाजला, सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यांच्यावर गैरवर्तनाचा कसलाही आरोप नव्हता, निकाल चुकला होता. पण त्या अतिरिक्त न्यायमूर्ती होत्या, म्हणजे ठराविक मुदतीच्या. कॉलेजियमने, म्हणजे नेमणुका सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली, एक वर्ष वाढ मिळाली, आणि 2022 च्या फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला. कुणी काढलं नाही, कुठली चौकशी नाही, नुसतं कायम केलं नाही. न्यायालयाने पेन्शनपुरतं सांगितलं की राजीनामा हीदेखील निवृत्तीच, त्यांना पेन्शन द्या. मला तो निकाल त्यांच्यापुरता न्याय्य वाटतो. पण तटबंदीचं कारणच जर ‘चुकलेल्या निकालासाठी कुणाचं पद जाऊ नये’ हे असेल, तर इथे नेमकं तेच घडलं.

गुन्हा दाखल करायचं म्हणाल तर तिथेही एक उंबरा आहे. 1991 च्या के. वीरास्वामी निकालाप्रमाणे न्यायमूर्तींवर लाचलुचपतीचा गुन्हा नोंदवायच्या आधी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करावी लागते. हे वीरास्वामी मद्रासचे मुख्य न्यायमूर्ती, आणि वर सांगितलेल्या रामस्वामींचे सासरे. असो.

आता मराठीतला एक साधा भेद. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात बसतात ते ‘न्यायमूर्ती’. तालुक्यात, जिल्ह्यात बसतात ते ‘न्यायाधीश’. बातमीत कुणी चुकून उलट लिहिलं की जुने उपसंपादक लाल पेन काढायचे. हा भेद नुसता मानाचा नाही. मूर्ती एकदा बसवली की हलवायला मोठा विधी लागतो. न्यायाधीशाचं तसं नाही.

कलम 235 प्रमाणे जिल्हा न्यायव्यवस्थेवर पूर्ण नियंत्रण उच्च न्यायालयाचं. तक्रार तिकडे जाते, दक्षता विभाग बघतो, विभागीय चौकशी होते, निलंबन होतं. काढण्याच्या आदेशावर राज्यपालांची मोहोर असते, पण ठरवतं उच्च न्यायालय. संसद नाही, शंभर सह्या नाहीत. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोघांना सेवेतून काढलं. त्यातले एक साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश, जामिनासाठी लाच मागितल्याचा त्यांच्यावर आरोप होता. डिसेंबर 2024 ला गुन्हा नोंदला गेला, वर्षाच्या आत नोकरी गेली. वर्मांच्या प्रकरणाशी तुलना करून बघा.

शिवाय सक्तीची निवृत्ती. पन्नाशीनंतर ठराविक टप्प्यांवर प्रत्येक न्यायाधीशाची कामगिरी तपासली जाते. गोपनीय अहवाल, निकालांची संख्या, सचोटीबद्दल वरिष्ठांचं मत. नापास झालात तर पेन्शन घेऊन घरी जा. कायद्याच्या दृष्टीने ही शिक्षा नाही, त्यामुळे आरोपपत्रही लागत नाही. गावात मात्र लोक ‘साहेबांना काढलं’ असंच म्हणतात.

आमच्या बाररूममध्ये महिन्याची शेवटची तारीख कॅलेंडर न बघता कळते. साहेब एरवी दुपारी चहाला उठतात, त्या आठवड्यात उठत नाहीत. युनिट भरायचे असतात. कुठल्या प्रकारचा खटला निकाली काढला की किती युनिट, याचं कोष्टक असतं आणि ते गोपनीय अहवालात मोजलं जातं. अशा वेळी सोपे, तडजोडीचे दावे पटापट निघतात आणि वीस वर्षं जुना, जाड बस्त्याचा दावा पुन्हा पुढच्या महिन्यावर जातो.

हे आकडे किती आंधळे असू शकतात ते मध्य प्रदेशात दिसलं. 2023 मध्ये तिथे परिविक्षेवरच्या (प्रोबेशनवरच्या) सहा महिला दिवाणी न्यायाधीशांना काम असमाधानकारक म्हणून घरी पाठवलं. त्यातल्या एकीला त्याच काळात करोना झाला होता आणि गर्भपात झाला होता, निकालांची संख्या त्यामुळे घसरली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना सुनावणीत म्हणाल्या की पुरुषांना पाळी येत असती तर त्यांना कळलं असतं. चौघींना आधीच परत घेतलं होतं, उरलेल्या दोघींना 2025 च्या फेब्रुवारीत न्यायालयाच्या आदेशाने. न्यायमूर्तीच्या आजारपणासाठी वैद्यकीय मंडळ आणि संसद. तालुक्याच्या न्यायाधीशाच्या आजारपणासाठी एक रकाना.

मागच्या महिन्यात वाटपाच्या दाव्यातले माझे एक जुने पक्षकार तारीख संपल्यावर पायरीवर बसले. आबा सत्तरीचे आहेत. मनाई अर्ज फेटाळला होता.

“वकील साहेब, ह्या जज्जाला काढता येत न्हाय का?”

मी विचारलं, पैसे मागितले का कुणी? समोरच्या पार्टीशी काही नातं? तुम्हाला बोलू दिलं नाही? प्रत्येकाला आबांनी नकारार्थी मान हलवली. साहेब सरळ आहेत हो, पण निकाल चुकला.

मग मी त्यांना सांगितलं की तक्रार करायची तर ती शपथपत्रावर करावी लागते, पडताळता येईल असं काहीतरी सोबत द्यावं लागतं, आणि ‘निकाल चुकला’ एवढ्यावर उच्च न्यायालय ती बाजूला ठेवतं. चुकलेल्या निकालाला अपील आहे. तीस दिवस आहेत, त्यातले चार गेले.

आबा उठले, धोतर झटकलं. “मग आधी ती नक्कल मागा,” म्हणाले, आणि स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलाकडे निघाले.